वणव्याच्या पट्ट्यातलं घर: आधी छत, मग भोवतीचे पाच फूट, धुरा सगळ्यात शेवटी

फेब्रुवारी लागला की फोन सुरू होतात. "भाऊ, धुरा जाळून घेऊ का आताच? म्हणजे वणवा आला तरी घराकडे येणार नाही." रामटेकच्या पुढे देवलापार रोडला आमचं वावर अन् जुनं घर आहे, मागे सागाचं जंगल, म्हणून ओळखीतले लोक विचारतात, आणि आता तर हिंगणा, कोंढाळी, उमरेड साईडला फार्महाऊस बांधलेले नागपूरचे लोकही विचारायला लागलेत. सगळ्यांची चूक एकच असते, कामाचा क्रम उलटा. सुरुवात धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून करतात, तीही काडी लावून, मग घरापर्यंत येता येता मे उजाडतो आणि छतावर शेवटपर्यंत कोणी चढतच नाही.

म्हणून खाली जसं लिहिलंय त्याच क्रमाने करा. वेळ कमी असेल तर पहिल्या चार पायऱ्या पूर्ण करा आणि बाकीच्या पुढच्या वर्षी, पण पहिल्या चार अर्धवट ठेवून सहावीवर जाऊ नका.

## घर पेटतं कशानं, एवढं आधी डोक्यात बसवा

आपल्याला वाटतं की आगीची भिंत चालत येते आणि घर गिळते. बहुतेक घरं तशी जात नाहीत. ठिणग्या वाऱ्यावर उडत येतात, कधी कधी एक किलोमीटरच्याही पुढून, आणि कुठल्या तरी कोरड्या बारीक वस्तूवर बसतात. ती वस्तू आधी धुमसते, मग पेटते, आणि ती घराला चिकटून असेल तर घर पेटतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळालं, ८५ माणसं गेली, १८ हजारांवर इमारती खाक झाल्या, आणि नंतरच्या फोटोंत कित्येक ठिकाणी घराच्या जागी फक्त राख पण शेजारची झाडं उभी, शेंडे हिरवे. तिथल्या वनखात्याचे संशोधक जॅक कोहेन यांनी आयुष्यभर हेच मांडलं की घर वाचेल की नाही हे घर स्वतः आणि त्याच्याभोवतीचे साधारण १०० फूट ठरवतात, पलीकडचं जंगल किती मोठं आहे ते नाही.

आपल्याकडे भिंती विटांच्या किंवा मातीच्या, त्या पेटत नाहीत, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण कवेलूंखालचे (छताच्या कौलांखालचे) लाकडी फाटे, कुलरच्या ताट्या, पोर्चवरची हिरवी नेट, मागे टेकवून ठेवलेलं कुटार (ढोरांचा कोरडा चारा), हे सगळं पेटतं.

आमच्याच घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये जंगलाकडून वणवा आला, गावातल्या पोरांनी अन् वनमजुरांनी मिळून तो नाल्याच्या अलीकडेच विझवला, सगळे घामाने चिंब, चहा झाला, लोक घरी गेले. रात्री साडेनऊला मामा लघवीला उठले तर न्हाणीवरून धूर. जुन्या कवेलूंचं छत अन् नवीन टिनाचा पत्रा जिथे मिळतात त्या खाचेत सागाचा पाला भरला होता, हाताएवढा जाड थर, आणि त्यात कधीतरी दुपारी ठिणगी पडून पाच तास ती आतल्या आत धुमसत होती. ज्वाळ नव्हती, नुसता धूर. शिडी जवळ होती म्हणून दोन बादल्यांत भागलं. नंतर हात घालून पाहिलं तर खालचा फाटा वीतभर कोळसा झाला होता. वणवा घरापासून चारशे पावलांवर थांबला होता.

## पायरी १: खडू घेऊन घराला एक फेरी (जानेवारी संपायच्या आत)

आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात १५ फेब्रुवारी ते १५ जून. तेव्हा पहिली फेरी त्याच्या आधी झाली पाहिजे. एखादा जोरात वारा वाहून गेलेला दिवस निवडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराला पूर्ण चक्कर मारा, हातात खडू. जिथे जिथे वाऱ्याने पाला आणून गोळा केलाय तिथे खूण करा: दाराचा उंबरठा, जिन्याखाली, पायरीचा कोपरा, कुलरच्या स्टँडखाली, छताची खाच, पन्हाळी. वारा पाला जिथे नेऊन टाकतो तिथेच तो ठिणगीही नेऊन टाकतो. म्हणजे तुमच्या घराच्या कमकुवत जागांचा नकाशा वाऱ्यानेच काढून दिलेला असतो, आपण फक्त बघायचा.

फेरीत आणखी एक बघा, वर. विजेच्या तारा झाडाच्या फांद्यांना लागतात का, दोन तारा वाऱ्यात एकमेकींना घासतात का. लागत असतील तर स्वतः फांदी तोडायला चढू नका, लाइनमनला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा.

तपासा: फेरी एकदाच करून चालत नाही. साग डिसेंबरपासून पानं टाकायला लागतो आणि मार्चपर्यंत टाकतच असतो. होळीच्या आसपास दुसरी फेरी, एप्रिल संपताना तिसरी.

## पायरी २: छत

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

कवेलूंचं घर असेल तर कवेलू फेरायचं काम आपण मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर करतो, कारण डोक्यात पाणी असतं. वणव्याच्या पट्ट्यात हे काम फेब्रुवारीत ओढा. फुटलेलं किंवा सरकलेलं एक कवेलू म्हणजे ठिणगीला आत जायला दार, आणि आत काय असतं, वर्षानुवर्षांचा पाला, चिमण्यांची घरटी, उंदरांनी आणलेल्या चिंध्या आणि कडक वाळलेल्या बांबूच्या कमच्या. फेब्रुवारीत फेरलं तर पावसाळ्यालाही तेच कामाला येतं, फार तर जूनमध्ये माकडांनी हलवलेली चार-दोन बसवावी लागतील.

काम असं करा:

१. आधी शिडी पक्की बांधा. कवेलूंवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, पत्रा फुटून माणूस खाली येतो. लांब फळी आडवी टाकून तिच्यावरून चाला.

२. वरून खाली झाडत या. दोन छतं मिळतात ती खाच आणि जिथे छत भिंतीला टेकतं ती रेघ, इथे हात घालून पाला काढा, नुसता झाडू फिरवून तो निघत नाही, तो खाली दाबला जातो.

३. फुटकी कवेलू बदला. देशी नळीच्या कवेलूंत वळचणीकडची तोंडं उघडी असतात, ती चुना-मातीच्या नाहीतर सिमेंटच्या गिलाव्याने बुजवा. इंग्रजी कवेलू असतील तर कडेच्या ओळीखालची फट बुजवा.

४. पन्हाळी प्लास्टिकची असेल तर ती कोरडी अन् रिकामी ठेवा. पाला भरलेली प्लास्टिकची पन्हाळी पेटली की वितळून खाली ठिबकते आणि खालचंही पेटवते.

५. वळचण रिकामी करा. विळा, दोरखंड, टोपली, सुताची बंडलं, बांबू, आपण सगळं वळचणीला खोचतो, आजोबांपासूनची सवय आहे. विळा राहू द्या. बाकी सगळं काढा.

स्लॅबचं घर असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे, पण गच्चीवर जा आणि बघा: जुन्या गाद्या, पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं), पुठ्ठे, मुलांची जुनी पुस्तकं, उन्हाळ्यात स्लॅब तापू नये म्हणून अंथरलेलं तणीस किंवा पोती. स्लॅब थंड ठेवायला चुन्याचा पांढरा हात मारा, तणीस नको.

सावध: गच्चीवर आणि पोर्चवर जी हिरवी शेड नेट लावतो ती प्लास्टिकची असते. ती जळताना थेंब थेंब गळते आणि प्रत्येक थेंब जळता असतो. घराला लागून असलेली नेट वणव्याच्या हंगामात काढून ठेवा असं म्हटलं तर नागपूरच्या उन्हात कोणी ऐकणार नाही, मला माहीत आहे, म्हणून निदान अशी बांधा की एक दोरी ओढली की पूर्ण खाली येईल आणि गुंडाळून आत नेता येईल. तारेने पक्की आवळू नका.

## पायरी ३: भिंतीपासून पाच फूट

या पाच फुटांत पेटणारं काहीच नको. थोडंसंही नको. हे वाक्य मी मुद्दाम एवढं कडक लिहितोय, कारण "एवढ्याशाने काय होतंय" हे सगळ्यात जास्त इथेच ऐकायला मिळतं.

काढायच्या गोष्टी: भिंतीला टेकवलेलं जळतण, गोवऱ्यांची रास, कुटाराची पोती, पऱ्हाटी-तुराटीचे भारे, शिराईचे झाडू, पायपुसणं, प्लास्टिकच्या खुर्च्या, जुने टायर, वाळलेली तुळस कुंडीसकट (हिरवी असेल तर वाळकी पानं काढून ठेवा), भिंतीवर चढवलेला वेल, खिडकीखालची कोरडी झुडपं. फार्महाऊसवाल्यांनी भिंतीलगत लावलेली लॉन एप्रिलमध्ये पाणी कमी पडलं की वाळते, आणि वाळलेलं बारीक गवत कागदासारखं पेटतं. लॉन ठेवायचीच असेल तर पाच फुटांपलीकडे.

त्या जागी काय? मुरूम, गिट्टी, फरशी, किंवा आपलं जुनं शेणाने सारवलेलं कडक अंगण. सारवलेलं अंगण रोज झाडलं जातं म्हणून ते उत्तमच.

आता कुपाटी. काट्यांची कुपाटी वावरापासून येऊन थेट घराच्या भिंतीला मिळते असं गावात दहापैकी आठ घरांचं असतं. ती दिव्याच्या वातीसारखं काम करते, आग धुऱ्यावर लागली की कुपाटी धरून सरळ घराशी येते. शेवटची पाच फूट, जमलं तर दहा फूट, कुपाटी तोडा आणि तिथे दगडी पाळ, लोखंडी जाळी किंवा पत्र्याचं फाटक घाला. बांबूचं फाटक असेल तर ते घराला चिकटलेलं नको.

तपासा: खाली बसून भिंतीच्या कडेने बघा. उभ्याने दिसत नाही ते बसल्यावर दिसतं: जोत्याच्या फटीतलं गवत, पायरीमागे सरकलेला पाला, कोंबड्यांच्या खुराड्याखालचा भुसा.

## पायरी ४: घराची भोकं, आणि आपला कुलर

परदेशातल्या सल्ल्यांत छपराखालच्या हवेच्या झरोक्यांबद्दल पानंच्या पानं लिहिलेली असतात. आपल्याकडे सगळ्यात मोठं भोक म्हणजे खिडकीत बसवलेला कुलर.

विचार करा. तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या नाहीतर खसाच्या ताट्या, आत पंखा, पंखा बाहेरची हवा ताट्यांतून ओढून थेट खोलीत फेकतो. पाणी चालू आहे तोवर ताट्या ओल्या असतात. पण वणव्याच्या वेळी लाइट जाते, पंप बंद पडतो आणि ४५ अंशांच्या कोरड्या हवेत ताट्या वाळायला फार वेळ लागत नाही. त्यावर ठिणगी बसली तर ती अक्षरशः खिडकीतून घरात येते. आणि लाइट परत आली, पंखा सुरू झाला, तर तो तिला फुंकर घालतो.

उपाय स्वस्त आहे:

१. कुलरच्या तीन बाजूंच्या मापाचे साध्या जीआय पत्र्याचे तुकडे कापून घ्या, वर दोन हुक. धोका दिसला की पत्रे अडकवायचे. हे तुकडे कुलरच्या मागेच टांगून ठेवा, स्टोअरमध्ये टाकले तर त्या वेळी सापडणार नाहीत.

२. कुलरच्या टाकीत पाणी भरलेलं ठेवा आणि बाजूला मग ठेवा, लाइट गेली तर ताट्या हाताने भिजवता येतात.

३. पावसाळ्यात कुलर काढल्यावर जुन्या ताट्या घरामागे फेकू नका. पुढच्या फेब्रुवारीत त्या तिथेच वाळून पडलेल्या असतात.

बाकी भोकं पटकन: खिडक्यांना चिकटपट्टीवाली नायलॉनची मच्छरजाळी असते ती उष्णतेने वितळते, त्याऐवजी स्टीलची जाळी बसवा, मच्छरही थांबतात अन् ठिणगीही. झरोके, एक्झॉस्ट फॅनचं भोक, किचनच्या धुराड्याचं तोंड, यांना लोखंडी किंवा स्टीलची जाळी, तिचे डोळे ३ मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत. दाराखालची फट अर्ध्या इंचाची असेल तर खाली ॲल्युमिनियमची पट्टी मारा. माळ्याच्या खिडकीला तावदान नसेल तर पत्रा ठोका.

## पायरी ५: पाच फुटांपासून तीस फुटांपर्यंत

इथे सगळं साफ करायचं नाहीये. झाडं राहू द्या, कडुनिंबाची गर्द सावली घर थंड ठेवते. फक्त आगीला खालून वर चढायला शिडी मिळू नये: जमिनीवर वाळलं गवत, त्यावर झुडूप, झुडपावर खाली आलेली फांदी, अशी साखळी तोडायची. जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतच्या खालच्या फांद्या छाटा, छतावर आलेल्या फांद्या छताच्या दहा फूट मागे घ्या, झाडाखालचा पाला दर आठवड्याला ओढा.

खरा प्रश्न कुटाराचा. ढोरं आहेत तर कुटार लागणारच, आणि गोठा घराशेजारीच सोयीचा. तरीपण कुटाराचा ढीग घरापासून किमान तीस फूट आणि गोठ्यापासूनही वेगळा ठेवा, रोजच्यापुरतं दोन टोपली आणून ठेवायचं. ढिगाभोवती दहा फूट मोकळी खरवडलेली जमीन. एकच मोठा ढीग करण्यापेक्षा दोन लांब लांब करा, एक गेला तर दुसरा राहतो, उन्हाळ्यात चारा विकत घेणं काय असतं ते घेणाऱ्यालाच माहीत.

गोठ्यात एक गोष्ट कायमची करा. प्रत्येक खुंट्याजवळ एक धारदार विळा खोचून ठेवा. घाबरलेलं ढोर दाव्याला ताण देतं, गाठ इतकी आवळते की सुटत नाही, अशा वेळी दावं कापायचं. साखळीने बांधत असाल तर फेब्रुवारी ते जून दोरखंड वापरा.

सावध: फवारणीची औषधं घरात किंवा गोठ्यात ठेवू नका. ज्या डब्यांवर ईसी लिहिलेलं असतं त्या औषधांत पेट घेणारं तेलकट द्रावण असतं. डिझेलचे कॅनही तसेच. यांच्यासाठी लांब एक छोटी विटांची खोली, पत्र्याचं दार, कुलूप.

## पायरी ६: धुरा, आणि काडी न लावता पट्टा कसा काढायचा

आता धुऱ्यावर या. घराभोवती शंभर फुटांपर्यंत किंवा जंगलाच्या बाजूच्या हद्दीवर आगीला अडवणारा पट्टा पाहिजे हे बरोबर आहे. चूक आहे ती काडी लावण्यात. वनविभाग जाळरेषा (मुद्दाम जाळून काढलेला मोकळा पट्टा) काढतो ती हंगामाच्या आधी, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून, ब्लोअर आणि पाणी हाताशी ठेवून. आपण काय करतो, मार्चमध्ये दुपारी जेवण झालं की एकटाच जातो अन् काडी टाकतो. दुपारी वारा सुटतो, वावटळ उठते, आणि ती जळता पाला उचलून शेजारच्या वावरात टाकते. मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या संत्र्याच्या बागेत असंच झालं, झाडं होरपळली ती होरपळलीच, ठिबकच्या नळ्या पूर्ण वितळून मातीला चिकटल्या.

आणि कायदाही आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं तर गुन्हा आहेच, पण जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणंही गुन्ह्यातच येतं. "मी तर माझा धुरा जाळत होतो" हे तिथे चालत नाही.

काडीशिवाय पट्टा असा:

१. धुऱ्यावरचं गवत डिसेंबर-जानेवारीत, थोडं ओलसर असतानाच कापा अन् ढोरांना घाला. मार्चमध्ये ते चाऱ्याच्याही कामाचं राहत नाही.

२. कापल्यावर धुऱ्याच्या आतल्या बाजूने दहा-बारा फुटांची पट्टी वखराने काढा, दोन पाळ्या. ट्रॅक्टर असेल तर रोटाव्हेटर. नुसती काळी माती वर आली पाहिजे, कारण जमिनीवरून सरपटणारी आग उघड्या मातीवर थांबते.

३. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूचा पट्टा दुप्पट रुंद. आग चढाला पळते, दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. मनसर-रामटेकच्या टेकड्यांच्या अंगाला किंवा कोंढाळीच्या घाटाकडे ज्यांनी व्ह्यूसाठी वर टोकावर घर बांधलंय त्यांनी हे नीट लक्षात घ्या.

४. पट्ट्यात गवत परत उगवतं, पाला परत पडतो. एप्रिलमध्ये आणखी एक पाळी.

५. पऱ्हाट्या जाळू नका. श्रेडरने बारीक करून जमिनीत घाला, किंवा घरापासून लांब खड्ड्यात कंपोस्ट.

मोहाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तिथून बऱ्याचदा वणवा सुरू होतो. तुमच्या वावरात मोह असेल तर वेचणाऱ्या काकूंशी आधीच बोला, झाडाखाली जुनी साडी किंवा नेट अंथरून द्या, फुलं स्वच्छही मिळतात. रागावून सांगितलं तर कोणी ऐकत नाही, नेट नेऊन दिली की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

## पायरी ७: पाणी

लाइट जाणार हे धरूनच चाला, म्हणजे मोटर नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उताराने मिळतं, पण उघडी पीव्हीसी पाइप उन्हाने कमकुवत झालेली असते आणि आगीत वितळते, म्हणून पाइप जमिनीत पुरा, वर येणारा शेवटचा भाग लोखंडी घ्या. अंगणात दोनशे लिटरचे दोन ड्रम कायम भरलेले, झाकण घातलेले, जवळ दोन लोखंडी बादल्या.

घरोघरी असलेला पाठीवरचा फवारणी पंप हे ठिणग्यांसाठी सगळ्यात चांगलं हत्यार आहे, सोळा लिटरमध्ये खूप जागा होतात. पण औषधाचा पंप साबणाने तीन वेळा धुतल्याशिवाय वापरू नका, आणि जमलं तर पाण्यासाठी वेगळाच ठेवा.

नेहमीची चूक: वणवा दिसला की लोक पाइप लावून छत भिजवत बसतात. त्या उन्हात अन् वाऱ्यात छत बघता बघता वाळतं आणि टाकी रिकामी होते. पाणी राखून ठेवा, धूर जिथे दिसेल तिथे मारायला.

## नवीन बांधत असाल तर

नकाशा काढायच्या आधी हे ठरवा, नंतर बदलणं महाग पडतं. छत स्लॅबचंच घ्या. पत्रा घ्यायचा असेल तर लोखंडी कैच्यांवर, खाली लाकडी किंवा पीव्हीसीचं सिलिंग नको. थर्माकोलचं सिलिंग आणि आत फोम भरलेले पॅनल गारवा देतात पण आगीत वाईट वागतात, पॅनल घ्यायचेच तर रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) भरलेले मागा. भिंतींना राखेच्या विटा किंवा एएसी ब्लॉक दोन्ही चालतात. छज्जा काँक्रीटचा, खालून प्लास्टर केलेला. जंगलाच्या बाजूला मोठ्या काचा घेऊ नका, घ्यायच्याच असतील तर टफन्ड काच, साधी काच एका बाजूने तापली की तडकते आणि मग ठिणग्यांना पूर्ण खिडकी मोकळी. लाकडी डेक, बांबूचा गझिबो, गवताने शाकारलेली झोपडी, हे फोटोत छान दिसतं, पण घराला जोडून नको, तीस फूट लांब ठेवा. आणि रस्ता: फायर ब्रिगेडची गाडी येऊ शकेल एवढा, साधारण बारा फूट रुंद, गेटवर खाली लोंबकळणारी कमान नको.

विमा काढताना भारत गृह रक्षा पॉलिसी बघा, त्यात वणव्याने झालेलं घराचं नुकसान येतं. फोटो आणि बिलं आत्ताच काढून मोबाइलवर ठेवा.

## वणवा दिसला त्या दिवशी

हा क्रम कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

१. फोन. वनविभागाचा १९२६, नाहीतर ११२ किंवा १०१. धूर कुठल्या दिशेला, जवळची खूण काय, वारा कुठून, एवढं सांगा.

२. म्हातारी माणसं, लेकरं आणि दम्याचे पेशंट लगेच गावात किंवा नागपूरला. वाट बघू नका, धूर दाटल्यावर रस्ता दिसत नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला, चावी गाडीतच.

३. ढोरं सोडा, नांगरलेल्या मोकळ्या वावराकडे हाका.

४. कुलर बंद, पत्रे अडकवा. एक्झॉस्ट बंद. सगळ्या खिडक्या-दारं लावा, कुलूप नको. पडदे काढून खोलीच्या मधोमध टाका.

५. गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा.

६. हिरवी नेट खाली ओढा. अंगणातली खाट, गाद्या, वाळत घातलेले कपडे आत.

७. जाताना सातबारा, आधार, पासबुक, औषधं. ही पिशवी फेब्रुवारीतच भरलेली असते.

अंगावर जाड सुती कपडे, पूर्ण बाह्या, बूट. नायलॉनची साडी, ट्रॅक पँट, स्लिपर नको, ते अंगाला चिकटतं. दुपट्टा बांधा पण धुरासाठी एन-९५ मास्क त्याहून चांगला.

सावध: वणवा विझवायला एकट्याने जाऊ नका, आणि आगीच्या वरच्या चढाला तर कधीच उभे राहू नका. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या असतील तर ते काम हिरव्या डहाळ्यांचं राहत नाही.

## आग गेल्यानंतरचे बारा तास

घरं इथेच जातात, कारण सगळे थकलेले असतात. वनविभागाने घराकडे जायला हरकत नाही असं सांगितलं की आधी छत बघा, मग वळचण, मग पाच फुटांची पट्टी, मग कुलर, मग कुटार. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, नंतर रात्रभर दर तासाला, पाळी लावून. नाकाचा वापर करा, धुमसणाऱ्या पाल्याचा वास डोळ्यांच्या आधी कळतो. अंधारात टॉर्च बंद करून बघा, लाल ठिपका लगेच दिसतो.

उकिरडा, गोवऱ्यांची रास आणि जुन्या मोहाचा खुंट, ही तिन्ही आतून दोन-तीन दिवस धुमसू शकतात. वरून पाणी मारून भागत नाही. फावड्याने उकरा, पाणी घाला, परत कालवा, परत पाणी. मग हाताची मागची बाजू राखेपासून चार बोटं वर धरा. ऊब लागली तर अजून उकरा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटायच्या आधी परत एकदा हात धरून बघा.